कंपनीचा पहिला पीस कुठे जातो?

प्रश्न : आमचं घर चौल-रेवदंडा रस्त्यालगत आहे. शेजारच्या वाडीत, पंपाच्या खोलीत, कित्येक वर्षं एक मोटरसायकल झाकून ठेवलेली आहे. वाडीचे मालक सांगतात की त्यांचे वडील मुंबईला कारखान्यात होते आणि ही 'कंपनीचा पहिला पीस' आहे, बाजारात कधी आलीच नाही. टाकीवर नाव नाही. इंजिनाच्या नंबराआधी इंग्रजी 'एक्स' आहे आणि आकडे वेडेवाकडे ठोकलेले आहेत. जुनी माणसं म्हणतात, ती चालू असताना पंपासारखा आवाज यायचा. कागदपत्रं काहीच नाहीत. आता भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आहे. कंपन्या असे पहिले नमुने खरंच बाहेर देतात का? नसतील देत, तर त्यांचं काय होतं? आणि ही गाडी खरी असेल का?
— एक वाचक, ता. अलिबाग

उत्तर : कंपन्या असे नमुने बाहेर देत नाहीत. तोडतात, आणि तेही कारखान्याच्या फाटकाच्या आत. म्हणून 'पहिला पीस' म्हटलं की जाणकार आधी हसतो. हसून झाल्यावर मात्र तो गाडी बघायला जातोच. कारण जगात अशा ज्या थोड्या गाड्या शिल्लक आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा कुणीतरी हुकूम न पाळल्यामुळे किंवा त्या कोपऱ्यात पडून आहेत हेच विसरल्यामुळे वाचल्या आहेत.

'पहिला पीस' हा शब्द सैल आहे, म्हणून थोडं नेमकं सांगतो. नवी मोटरसायकल काढायची तर आधी जुन्याच फ्रेममध्ये नवं इंजिन बसवून पळवतात. या गाडीला कारखान्यात म्यूल म्हणतात. त्यानंतर येतो प्रोटोटाइप. त्याचे बरेचसे सुटे भाग हाताने घडवलेले असतात, कारण कायमचे साचे करायला लागणारा पैसा अजून मंजूर झालेला नसतो. सगळं जमलं की खऱ्या साच्यांतून पहिली खेप निघते, तिला पायलट लॉट म्हणतात. खेपेतल्या गाड्या पुष्कळदा माणसांना चालवायला मिळतात, कधी विकल्याही जातात. प्रोटोटाइपचं तसं नाही. शिंपी मापासाठी कच्चे टाके घालतो, तशी ही गाडी उसवण्यासाठीच शिवलेली असते.

उसवण्याआधीची तपासणी कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२६ क्रमांकाचा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाचा प्रोटोटाइप ठरवून दिलेल्या संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे. त्या यादीतल्या तीन संस्था महाराष्ट्रात आहेत. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय पुण्याच्या वेताळ टेकडीवर, सीआयआरटी भोसरीला, आणि लष्कराच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. सरकारी तपासणीआधी कंपनीची स्वतःची तपासणी असते आणि ती जास्त निर्दय असते. दगडी फरसबंदीच्या ट्रॅकवर फ्रेमला तडा जाईपर्यंत गाडी पळवायची, तडा कुठे गेला ते बघायचं, तिथे पत्र्याचा तुकडा जोडायचा आणि पुन्हा पळवायची. इंजिन दहा वेळा उघडायचं. या सगळ्यातून निघालेली गाडी दिसायला धडधाकट असली तरी कुठला भाग किती थकला आहे हे सांगता येत नाही. ती विकली आणि पुढे हँडल तुटून कुणी मेलं तर कोर्टात उभं कंपनीलाच राहावं लागणार.

पण तोडण्याचं मोठं कारण यंत्रात नाही, कागदात आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. जीएसटी येण्याआधी कारखान्यातून तयार माल बाहेर पडला की केंद्रीय उत्पादन शुल्क लागायचं. १९९४ पर्यंत तर जीपी-१ नावाचा गेट पास भरल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. मोटरसायकल मोटरसायकल म्हणून बाहेर काढायची तर तिची किंमत ठरवा, तिच्यावर शुल्क भरा. पण जी वस्तू विकायचीच नाही तिची किंमत लावणार तरी कशी? त्यापेक्षा गॅस कटर लावून चार तुकडे केले की ती मोटरसायकल राहत नाही, भंगार होते. भंगाराचा दर ठरलेला असतो आणि ठेकेदार बाहेर उभाच असतो. हिशेबखात्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य होता, हे कबूल करायला हवं.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण मोटारगाडीचं आहे. क्रायसलर कंपनीने १९६३-६४ मध्ये विमानासारख्या टर्बाइन इंजिनावर चालणाऱ्या गाड्या बनवल्या. प्रोटोटाइप धरून एकूण ५५. त्यांतल्या बहुतेक सामान्य कुटुंबांना वापरायला दिल्या, अनुभव लिहून घेतले, गाड्या परत घेतल्या आणि त्यांतल्या ४६ मोडून टाकल्या. उरल्या ९. बॉडी इटलीत घिया कंपनीने बनवलेल्या होत्या, त्यामुळे गाड्या कायमच्या ठेवल्या असत्या तर मोठं आयातशुल्क भरावं लागलं असतं, असं त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

परदेशी चकाकणारं उदाहरण दिलं म्हणून दूर समजू नका. तुमच्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून चालू आहे आणि तिथे या प्रश्नाचं दुसरं टोक रोज भेटतं. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या २४ व्या कलमात माल 'निकामी करून' कमी शुल्काने सोडवण्याची सोय आहे. गाडी म्हणून आणायला परवानगी नसलेलं धूड भंगार म्हणून सोडवायचं तर ते आधी कापावं लागतं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी आयातीचा नियमही बराच काळ कडक होता. १९५० पूर्वी बनलेल्या गाड्याच मोकळेपणी आणता यायच्या. २०२५ मध्ये ती तारीख काढून टाकली आणि ५० वर्षं पुरी झालेली गाडी चालेल असं ठरलं. पण गाडी ५० वर्षांची आहे हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि प्रोटोटाइपचा कागद कंपनीच्या प्रयोगशाळेच्या वहीबाहेर कुठेच नसतो.

आता वाचलेल्यांकडे वळू. ब्रिटनमध्ये व्हेलोसेट कंपनीने १९३९ मध्ये 'रोअरर' नावाची एकच शर्यतीची मोटरसायकल बनवली. दोन सिलिंडर, सुपरचार्जर, साखळीऐवजी शाफ्ट. आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीच्या सरावात स्टॅन्ली वूड्सने ती चालवली. मग महायुद्ध आलं, आणि युद्धानंतर शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली. म्हणजे गाडी कुठल्याच कामाची राहिली नाही. माझ्या मते तिचं नशीब तिथेच उघडलं. कामाची असती तर तिचे भाग काढून दुसरीला लावले असते. निकामी म्हणून ती पडून राहिली आणि काही दशकांनी आयव्हन ऱ्होड्स या व्हेलोसेट-वेड्या माणसाने ती पुन्हा उभी करून पळवली.

ब्रफ सुपीरियरच्या 'गोल्डन ड्रीम'ची गोष्ट उलट्या बाजूची. १९३८ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती झळकली. चार सिलिंडर, दोन आडव्या जोड्यांत एकावर एक. युद्ध सुरू झाल्यावर नॉटिंगहॅमचा तो कारखाना रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनांचे भाग बनवू लागला आणि पुन्हा मोटरसायकलींकडे वळलाच नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या 'गोल्डन ड्रीम' झाल्या, त्या तेवढ्याच.

'बीएसए फ्युरी' आणि 'ट्रायम्फ बँडिट' या जुळ्या गाड्या तर १९७१ च्या जाहिरातींतही आल्या होत्या. ३५० सीसी, एडवर्ड टर्नरचं शेवटचं मोठं डिझाइन. गिऱ्हाइकाच्या हाती एकही पडली नाही. कंपनी कर्जात बुडाली आणि मूठभर नमुने कामगार, विक्रेते, संग्रहालयं अशा वाटांनी पांगले. त्या बीएसएचं नाव २०१६ पासून महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे, म्हणजे बर्मिंगहॅमच्या गाडीचा मालक आता मुंबईत बसतो.

पैशाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण शेजारी विचारतीलच. होंडाने सीबी ७५० बाजारात आणण्याआधी चार नमुने अमेरिकेतल्या विक्रेत्यांना दाखवायला पाठवले होते. त्यांतला एक २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या लिलावात १ लाख ६१ हजार पौंडांना गेला. या आकड्याने हुरळून जाऊ नका. ती गाडी मोलाची ठरली कारण ती पुढे लाखोंनी विकल्या गेलेल्या गाडीची आधीची पायरी होती आणि ते सिद्ध झालं होतं. न चाललेल्या गाडीचा, सिद्ध न झालेला नमुना म्हणजे बाजाराच्या दृष्टीने लोखंडच.

संग्रहालयात गेली म्हणजे सुटली, असंही नाही. बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालयाला १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली. निष्काळजीपणे टाकलेल्या एका सिगारेटने ३८० हून अधिक गाड्या होरपळल्या. ऑस्ट्रियात डोंगरावर असलेलं 'टॉप माउंटन' संग्रहालय जानेवारी २०२१ मध्ये जळालं, त्यात सुमारे २३० मोटरसायकली गेल्या.

महाराष्ट्रात 'पहिला पीस' म्हटलं की मला मोटरसायकल आठवत नाही, इचलकरंजी आठवते. शंकरराव कुलकर्णी या तिथल्या स्वयंशिक्षित यंत्रज्ञाने स्वातंत्र्याच्या आसपासपासून सत्तरीच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारगाडीचे एकामागून एक नमुने बनवले. प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा सुधारलेला. रस्त्यावर चालणारी, माणसं बसवणारी गाडी. लायसन्स-परमिटच्या त्या काळात ती उत्पादनापर्यंत पोचली नाही आणि पुढे 'छोटी भारतीय गाडी' म्हणून लोकांनी मारुती ८०० ओळखली. मोठ्या कंपनीचा नमुना फसला तर निदान दुसऱ्या गाडीचा नंबर लागतो. एकट्या माणसाच्या मागे कारखानाही नसतो आणि दप्तरखानाही. आपल्याकडे यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण तयार माल मोजतो, प्रयत्न मोजत नाही, याचा मला राग येतो. असो.

तुमच्या किनाऱ्याचा एक खास शत्रू मात्र सांगायलाच हवा. गॅस कटर एका दुपारी जे करतो, ते खारं वारं वीस पावसाळ्यांत करतं. हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, स्वतः ओल ओढून घेतं आणि पत्रा कोरडा दिसत असतानाही गंज आत चालत राहतो. ॲल्युमिनियमच्या इंजिन-केसवर पांढरी भुकटी धरते. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केस असेल तर ती त्याहून लवकर खचते. त्यात प्रोटोटाइप दुबळा, कारण गंजरोधक लेप, क्रोम, भट्टीत भाजलेला रंग हे सगळं बहुधा शेवटच्या टप्प्यावर येतं आणि नमुन्याला घाईत नुसता ब्रशचा हात मारलेला असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तुमच्याकडच्या वाड्यांबरोबर गोठ्यांचे आणि पंपाच्या खोल्यांचे पत्रेही उडाले. त्या दिवशी उघड्यावर पडलेलं जुनं यंत्र पुन्हा झाकायला कुणाला सवड होती? ही गाडी त्यातून टिकली असेल तर मालकांची काळजी मानली पाहिजे.

आता तुमची गाडी. तीन शक्यता दिसतात.

पहिली, लष्करी लिलावातली. दुसऱ्या महायुद्धानंतर बीएसए एम-२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी-३एल अशा फौजी मोटरसायकली भारतात मोठ्या संख्येने उरल्या आणि लिलावात गेल्या. चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात दोन-तीन गाड्यांची मिळून एक उभी करणं हा पुढे कित्येक वर्षं धंदा होता. टाकीवर नाव नसणं हे अशा गाडीचं नेहमीचं लक्षण. एम-२० असेल तर इंजिनावर डब्ल्यूएम-२० अशी अक्षरं सापडतील.

दुसरी शक्यता मला जास्त पटते, आणि ती तुम्ही लिहिलेल्या पंपासारख्या आवाजामुळे. एका काळी बुलेटच्या फ्रेममध्ये एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवण्याची मोठी लाट होती. ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन शेतीपंपाला आणि तीनचाकीला लागायचं, तेच कारागीर मोटरसायकलीत घालायचे. पुढे एनफिल्डने स्वतःच त्या इंजिनाची 'टॉरस' विकायला काढली. जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, वेग बैलगाडीहून थोडा बरा, पण लिटरमागे सत्तरच्या वर किलोमीटर. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ती बंद पडली. वाडीत, पंपाच्या खोलीत, पंपाच्या आवाजाची मोटरसायकल सापडावी यात मला गूढ काही दिसत नाही. पंपाचं इंजिन तिच्यात गेलं असेल किंवा तिचं पंपाला लागायचं राहिलं असेल.

तिसरी शक्यता, खरा प्रोटोटाइप. ती खोडून काढता येत नाही, पण 'एक्स' आणि वेडेवाकडे आकडे एवढ्यावर ती उभी राहत नाही. इंजिनाची केस फुटली की जुन्या काळी कंपनी सुटी केस कोरी देत असे आणि मेकॅनिक तिच्यावर स्वतः नंबर ठोकायचा. वेडेवाकडे आकडे बहुतेक वेळा तिथून येतात.

खरा नमुना आणि जुगाड यांत फरक करायची माझी कसोटी अशी. दोन्हींत विचित्र भाग असतात. पण जुगाडातला विचित्र भाग हाताशी असलेल्या सामानातून, आत्ताची अडचण भागवायला केलेला असतो. ट्रॅक्टरचा पाइप, रिक्षाचा स्विच. प्रोटोटाइपमधला विचित्र भाग मुद्दाम, खर्च करून घडवलेला असतो. साच्याऐवजी वाळूत ओतलेली खरबरीत केस, जिच्यावर भाग-क्रमांक उमटलेला नाही. एकाच पट्टीवर तीन-तीन ठिकाणी पाडलेली भोकं, कारण फूटरेस्ट नेमका कुठे ठेवायचा हे ठरत नव्हतं. पुसून पुन्हा जोडलेले ब्रॅकेट. असं चार-पाच ठिकाणी दिसलं तर माझा आवाज बदलेल.

कायद्याचं म्हणाल तर ही गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार सोडा. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकींना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती बाहेर काढायची. त्यालाही मालकीचे कागद लागतात. कागद नसलेली गाडी घरात ठेवायला मात्र हरकत नाही, फक्त ती वडिलांच्या हाती कशी आली याचा पुरावा असावा. मालकांना ट्रंक उघडायला सांगा. वडिलांच्या पगारपत्रकांत, सेवानिवृत्तीच्या कागदांत एखादा गेट पास किंवा भंगार-लिलावाची डिलिव्हरी ऑर्डर सापडली, तर गाडीपेक्षा तो कागद आधी जपा.

तोवर काही गोष्टी करू नका. किक मारू नका, अडकलेला पिस्टन फुटेल. पॉलिश पेपरने नंबर घासू नका, गंजाबरोबर पुरावाही जाईल. प्लॅस्टिकने झाकू नका, आत ओल धरते, सुती चादर बरी. चाकं जमिनीपासून वर राहतील असे लाकडी ठोकळे लावा. नंबरावर कागद धरून, आरटीओत घेतात तशी, पेन्सिल प्रिंट काढा आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या.

आणि या सगळ्याआधी एक काम, त्याला पाच मिनिटं लागतील. सिलिंडरच्या डोक्यावर बघा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्या जागी इंजेक्टर आणि धातूची बारीक नळी असते. नळी दिसली तर ती डिझेल बुलेट आहे, लाखोंची नाही, पण आता रस्त्यावर दुर्मीळ झालेली आहे, तेव्हा किलोच्या भावाने देऊ नका. प्लग आणि त्याची वायर दिसली तर पेन्सिल प्रिंट आणि फोटो आमच्याकडे पाठवा आणि भंगारवाल्याला महिनाभर थांबायला सांगा.